दिवाळखोरी संहितेची प्रक्रिया: कंपनी वाचते, उधारी वाचेलच असं नाही

"एनसीएलटीत टाकू का?" थकलेल्या बिलासाठी फोन करताना हे वाक्य हल्ली सर्रास वापरलं जातं. समोरचा दचकतो, एवढं म्हणणाऱ्याला माहीत असतं. खरंच टाकलं तर टाकणाऱ्याच्या पदरात काय पडतं, याचा हिशेब मात्र फार थोडे जण आधी मांडतात. म्हणून नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खालची कंपनी वाचवण्याची प्रक्रिया इथे एक सेवा म्हणून तपासली आहे. ती कुणाला परवडते, कुठे अडकते आणि कागदात काय चुकलं की सगळं फुकट जातं, ते पाहू. मत आधीच सांगतो. चालती कंपनी मालकाच्या तावडीतून काढून दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी ही व्यवस्था जुन्यापेक्षा कितीतरी सरस आहे. उधारी वसूल करण्यासाठी ती बेभरवशाची आहे, आणि तिच्या दारात येणारं बरंचसं गिऱ्हाईक नेमकं त्याच कामासाठी येतं.

जुनी व्यवस्था म्हणजे १९८५ च्या आजारी उद्योग कायद्याखालचं बीआयएफआर, म्हणजे औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ. तिथे मालक खुर्चीवर कायम, वसुली थांबलेली आणि शेडमधली यंत्रं गंजत पडलेली, असं वर्षानुवर्षं चाले. १ डिसेंबर २०१६ ला तो कायदा गेला आणि त्याच दिवशी संहितेतली कंपन्यांची प्रक्रिया सुरू झाली. फरक एका वाक्यात सांगता येतो: इथे मालक पहिल्याच दिवशी बाहेर. अमेरिकेतल्या चॅप्टर ११ मध्ये जुनं व्यवस्थापन सहसा कारभार बघत राहतं. आपल्याकडे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, अर्ज ॲडमिट केला, म्हणजे दाखल करून घेतला, की संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात, अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनल (आरपी), म्हणजे कंपनीचा तात्पुरता कारभारी, येतो आणि बँक खात्यावरची सही त्याची होते. फोनवर समोरचा दचकतो तो यामुळे.

त्याच आदेशात कलम १४ चा मोरॅटोरियम लागू होतो. कंपनीवरचे दावे, वसुली, तारण मालमत्तेवरची बँकेची जप्ती, सगळं जागच्या जागी थांबतं. यातली मेख अर्जदाराच्या उशिरा लक्षात येते. त्याचा अर्ज मंजूर झाला त्या क्षणी त्याचीही वसुली थांबली. इथून पुढे तो अर्ज त्याचा उरत नाही, सगळ्या घेणेकऱ्यांचा होतो, आणि रांगेत त्याचा नंबर कुठे लागेल ते कायद्याने आधीच ठरवून ठेवलंय.

म्हणजे पुरवठादाराला या सेवेचा खरा उपयोग ॲडमिशनच्या आधी आहे. आकडाही तेच सांगतो: डिसेंबर २०२४ पर्यंत ३०,००० हून अधिक अर्ज ॲडमिशनपूर्वीच मागे घेतले गेले, म्हणजे बहुतेकदा मांडवली झाली. न्यायालयं मात्र पुन्हा पुन्हा बजावतात की हे वसुलीचं दुकान नव्हे. कलम ६५ खाली वाईट हेतूने अर्ज केल्याचं ठरलं तर एक लाखापासून एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे धमकी द्यायचीच असेल तर मागचे कागद पक्के हवेत.

अर्जाआधीची छाननी

पहिली अट रकमेची. २४ मार्च २०२० पासून थकबाकी किमान एक कोटी लागते, त्याआधी एक लाख पुरत असे. छोट्या पुरवठादारांचं दार या एका अधिसूचनेने जवळपास बंद झालं. पाच जणांची वीस-वीस लाखांची बिलं एकत्र करून कलम ९ चा, म्हणजे पुरवठादाराचा, अर्ज करता येत नाही, प्रत्येकाची थकबाकी वेगळी मोजतात. बँकांसारख्या वित्तीय धनकोंना कलम ७ खाली एकत्र येता येतं. कामगारांच्या वतीने युनियनलाही अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलंय. एक कोटीचा आकडा गाठायला व्याज मिळवायचं असेल तर व्याजाची अट करारात किंवा पर्चेस ऑर्डरवर असायला हवी. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या २४ टक्क्यांवर विसंबून केलेले अर्ज टिकतीलच याचा भरवसा नाही.

दुसरी अट मुदतीची. थकबाकी झाल्यापासून तीन वर्षं. बिलं जुनी असतील तर मध्ये झालेलं अंशतः पेमेंट किंवा सहीनिशी दिलेलं बॅलन्स कन्फर्मेशन उपयोगी पडतं, पण तेही मूळ तीन वर्षांच्या आत झालेलं असलं तरच. म्हणून दर मार्चअखेर बॅलन्स कन्फर्मेशनवर सही-शिक्का घेण्याची जुनी सवय सोडू नये. तिसरी अट २५ मार्च २०२० ते २४ मार्च २०२१ या वर्षातल्या थकबाकीची. कोविडमुळे घातलेल्या कलम १०क नुसार त्या काळातल्या डिफॉल्टवर कधीच अर्ज करता येत नाही. नोटिशीत डिफॉल्टची तारीख या खिडकीत पडली की अर्ज तिथेच संपतो.

आता सगळ्यात जास्त अर्ज जिथे बुडतात ते, म्हणजे 'आधीपासूनचा वाद'. कलम ८ खाली फॉर्म ३ मध्ये मागणीची नोटीस द्यायची किंवा फॉर्म ४ बरोबर बिल पाठवायचं. पत्ता कंपनीच्या रजिस्टर्ड ऑफिसचा. कारखान्याच्या गेटवर वॉचमनने सही करून घेतलेल्या नोटिशीवर पुढे वेळ जातो. नोटीस मिळाल्यापासून कंपनीला दहा दिवस मिळतात. तेवढ्यात तिने पैसे दिल्याचा पुरावा दिला किंवा नोटिशीच्या आधीपासून वाद होता हे दाखवलं की कलम ९ चा मार्ग बंद. २०१७ च्या मोबिलॉक्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी सोपी करून टाकली: वाद जिंकण्यासारखा असायला हवा असं नाही, तो नुसता पोकळ किंवा रचलेला नसला म्हणजे झालं.

जवळून पाहू. एक कोटी तीस लाखांची बिलं आहेत, माल पोचल्याच्या चलनांवर सह्या आहेत, थोडं पेमेंटही आलंय. पण चौदा महिन्यांपूर्वी खरेदी विभागातल्या कुणीतरी चार ओळींचा ईमेल टाकलाय: 'या लॉटमधले ४० पीस साइजमध्ये बसत नाहीत, डेबिट नोट काढतोय.' पुरवठादाराने त्याला उत्तर दिलं नाही, कारण त्या चाळीस नगांची किंमत किरकोळ होती. दहा दिवसांच्या उत्तरात हाच ईमेल पहिलं परिशिष्ट म्हणून जोडला जातो. मग वाद किती रकमेचा, उरलेल्या मालाशी त्याचा काय संबंध, यावर तारखा पडत राहतात. यावर उपाय अर्जाच्या वेळी नसतो, तो ईमेल आला त्याच आठवड्यात असतो. नग बदलून द्या, क्रेडिट नोट काढा आणि 'हा विषय मिटला, उरलेली रक्कम अमुक' असं लेखी घेऊन ठेवा. शंभर टक्के मिटवता येत नसेल तर वादातली रक्कम बाजूला काढून उरलेली एक कोटीच्या वर राहते का ते पाहा.

कागदांत आणखी एक भर जून २०२२ मध्ये पडली. कलम ९ च्या अर्जाबरोबर त्या बिलांचे जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी चे उतारे आणि लागू असेल तिथे ई-वे बिल जोडावं लागतं. बिलं काढली पण रिटर्नमध्ये दाखवली नाहीत, हा प्रकार इथे उघडा पडतो. पैसे आले नाहीत असं सांगणारा बँकेचा दाखला मिळाला तर उत्तम, पण तो नसल्याने अर्ज अडत नाही, हे २०१७ मध्येच स्पष्ट झालंय.

अर्जाची फी हा सगळ्यात स्वस्त भाग. कलम ९ ला २,००० रुपये, वित्तीय धनकोला किंवा स्वतः कंपनीला २५,००० रुपये. खरा खर्च वकिलाचा. शिवाय अर्ज ॲडमिट झाला की अंतरिम आरपीचा सुरुवातीचा खर्च अर्जदाराला आधी भरावा लागतो आणि धनकोंच्या, म्हणजे घेणेकऱ्यांच्या, समितीने मान्य केल्यावरच तो परत मिळतो. महाराष्ट्रात रजिस्टर्ड ऑफिस असलेल्या कंपनीसाठी अर्ज मुंबई खंडपीठासमोर, मग कारखाना कोल्हापूरला असो की नागपूरला.

एक कोटीच्या खालच्यांनी इथे हेलपाटे घालूच नयेत. सूक्ष्म किंवा लघु उद्योग असाल आणि उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याखालची फॅसिलिटेशन कौन्सिल जास्त कामाची. तिथे बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज मागता येतं आणि कौन्सिलच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. चेक हातात असेल तर चेक बाउन्सचं कलम १३८ आहेच. त्यातली एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी: कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली की तिच्यावरची चेक बाउन्सची केस मोरॅटोरियममुळे थांबते, पण चेकवर सही करणाऱ्या संचालकांवरची थांबत नाही. मार्च २०२१ चा निकाल आहे. अनेक जण कंपनीबरोबर संचालकांचीही केस गुंडाळून ठेवतात, ती चूक करू नये.

दुसऱ्याच कुणी टाकलं तर

बहुतेक पुरवठादारांची या प्रक्रियेशी गाठ अशीच पडते. एक दिवस फोन लागत नाही आणि कळतं की कुठल्यातरी बँकेने कंपनीला एनसीएलटीत नेलंय. घड्याळ चालू झालेलं असतं. अंतरिम आरपीने नेमणुकीपासून तीन दिवसांत जाहीर सूचना काढायची, १४ व्या दिवसापर्यंत क्लेम घ्यायचे, २१ व्या दिवसापर्यंत तपासायचे, २३ व्या दिवशी समितीचा अहवाल द्यायचा आणि तिसाव्या दिवसापर्यंत धनकोंच्या समितीची पहिली बैठक. सूचना वर्तमानपत्रात येते, पण ती नजरेतून सुटते. त्यापेक्षा मोठी उधारी असलेल्या गिऱ्हाइकांची कंपनी खात्याच्या पोर्टलवरची स्थिती महिन्यातून एकदा पाहावी. तिथे प्रक्रियेत असल्याची नोंद दिसते. दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या, वेबसाइटवर जाहीर सूचनाही शोधता येतात.

पुरवठादाराने फॉर्म बी भरायचा. वित्तीय धनकोंचा फॉर्म सी, घर घेणाऱ्यांचा सीए, कामगार-कर्मचाऱ्यांचा डी, आणि यात कुठेच न बसणाऱ्यांचा एफ. फॉर्म चुकला की क्लेम लगेच बाद होतो असं नाही, पण पत्रव्यवहारात आठवडे जातात. रक्कम प्रक्रिया सुरू झाल्याच्या तारखेपर्यंतचीच मांडायची, व्याजही तिथपर्यंतच. बिलवार तक्ता जोडा: बिल क्रमांक, तारीख, रक्कम, आलेलं पेमेंट, उरलेली रक्कम. लेजरचा नुसता प्रिंटआउट पाठवला की आरपीचा माणूस कंपनीच्या लेजरशी ताळा घालतो, फरक येतो, आणि फरकाची रक्कम 'पुराव्याअभावी' नामंजूर होते. टीडीएस, डेबिट नोटा आणि वर्षअखेरचे रेट डिफरन्स ही फरकाची नेहमीची तीन कारणं. ती तक्त्यात आधीच वेगळी दाखवली की काम सरळ होतं. आरपीला निवाडा करण्याचा अधिकार नाही, तो क्लेम तपासतो आणि जुळवतो एवढंच. क्लेम नाकारला किंवा वादातला म्हणून एक रुपया मूल्याने दाखवला तर कलम ६०(५) खाली न्यायाधिकरणात जाता येतं.

उशीर झाला तरी दार लगेच बंद होत नाही. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर प्रक्रियेच्या नव्वदाव्या दिवसापर्यंत किंवा रिझोल्यूशन प्लॅन (कंपनी घेऊ पाहणाऱ्यांच्या योजना) मागवण्याच्या तारखेपर्यंत, जे नंतरचं असेल तोवर, कारण देऊन क्लेम भरता येतो. त्यानंतर मात्र अवघड. एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलंय की प्लॅन मंजूर झाला की त्यात नसलेलं जुनं येणं संपलं, मग ते सरकारचं का असेना. नवा मालक पाटी कोरी करून बसतो.

आणखी दोन गोष्टी पहिल्या पंधरवड्यातच कराव्या लागतात आणि दोन्ही हमखास राहतात. तुमचे साचे, डाय, गेज किंवा जॉबवर्कला दिलेला माल त्या कारखान्यात असेल तर यादी, चलनं आणि फोटो लावून आरपीला पत्र द्या. दुसऱ्याच्या मालकीची, विश्वासाने ठेवलेली वस्तू कंपनीची मालमत्ता धरली जात नाही. मोरॅटोरियममध्ये ती कदाचित लगेच उचलता येणार नाही, पण मूल्यमापनाच्या यादीत ती कंपनीची म्हणून चढली की काढताना नाकी नऊ येतात. दुसरी गोष्ट: प्रक्रिया सुरू झाल्यावर माल पुरवणार असाल तर त्या तारखेपासून खातंच वेगळं करा. त्यानंतरचा पुरवठा प्रक्रियेच्या खर्चात जातो आणि तो सगळ्यांच्या आधी फेडावा लागतो. जुनं आणि नवं एकाच लेजरमध्ये ठेवलं की आलेलं पेमेंट कशाचं यावरून भांडण होतं. नवं आलेलं पेमेंट जुन्या बाकीत वळतंही करता येत नाही. जानेवारी २०२४ च्या निकालानुसार या टप्प्यावर वजावट, काही अपवाद सोडले तर, चालत नाही.

हातात किती पडतं

धनकोंच्या समितीत मत फक्त वित्तीय धनकोंना. पुरवठादारांचं एकूण येणं कंपनीच्या कर्जाच्या १० टक्के किंवा जास्त असेल तर त्यांचा एक प्रतिनिधी बैठकीला बसू शकतो, मत देऊ शकत नाही. (वित्तीय धनकोच नसेल अशा विरळ प्रकरणात सगळ्यात मोठे १८ पुरवठादार आणि कामगार-कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी मिळून समिती होते.) प्लॅन ६६ टक्के मतांनी मंजूर होतो. पैसे कसे वाटायचे, यातला समितीचा व्यापारी निर्णय न्यायाधिकरण सहसा बदलत नाही.

कायद्याने पुरवठादाराला किमान काय द्यायचं ते कलम ३०(२) मध्ये आहे: कंपनी विकून टाकली असती तर त्याच्या वाट्याला जे आलं असतं ते, किंवा प्लॅनची रक्कम कलम ५३ च्या क्रमाने वाटली असती तर जे आलं असतं ते, यातलं जे जास्त असेल ते. वाचायला बरं वाटतं. आकडे घालून बघा.

समजा कंपनीचं लिक्विडेशन मूल्य, म्हणजे ती मोडीत काढून विकली तर येणारी रक्कम, ४० कोटी. प्रक्रियेचा खर्च २ कोटी. तारणावरचं बँकांचं कर्ज ९० कोटी. कामगारांची शेवटच्या २४ महिन्यांची देणी ३ कोटी. पुरवठादारांचं येणं २५ कोटी. क्रमात आधी खर्च, मग कामगार आणि तारणधारी बँका एकाच पायरीवर. ४० मधून २ गेले, उरले ३८. समोर ९३ कोटींचे हक्कदार. रुपयाला साधारण ४१ पैसे. कामगारांना सव्वा कोटीच्या आसपास, बाकी बँकांना. पुरवठादार त्याच्याही खाली, बिनतारणी कर्जदात्यांच्या आणि सरकारच्या पायऱ्या ओलांडून. त्यांच्यापर्यंत पोचतात शून्य रुपये. आता बोलीदाराने ५५ कोटींचा प्लॅन आणला. खर्च जाऊन ५३ कोटी, भागिले ९३, रुपयाला ५७ पैसे. कामगारांचे १ कोटी ७१ लाख झाले, बँकांचं भलं झालं, पुरवठादार पुन्हा शून्यावर. म्हणजे दोन्ही कसोट्यांवर त्यांचा किमान हक्क शून्य. प्लॅनमध्ये त्यांना २५ कोटींवर ५० लाख देऊ केले तर कायद्याच्या नजरेत तो उदारपणा, आणि पुरवठादाराच्या नजरेत रुपयाला दोन पैसे. नियमाने त्यांना पैसे बँकांच्या आधी द्यावे लागतात, पण ते फक्त वेळेच्या क्रमाने आधी. शून्य आधी मिळालं काय नि नंतर मिळालं काय. भरीस भर, त्या बिलांवरचा जीएसटी आधीच भरून झालेला असतो.

बँकांचा अनुभव अर्थातच वेगळा. आयबीबीआयच्या आकडेवारीत मंजूर क्लेमच्या साधारण एक तृतीयांश रक्कम हाती येते आणि ती लिक्विडेशन मूल्याच्या दीडपटीहून जास्त असते. 'दोन तृतीयांश बुडाले' ही ओरड त्यामुळे अर्धीच खरी: कंपनी इथे येते तेव्हाच तिच्यात तेवढं मूल्य उरलेलं नसतं. मार्च २०२५ अखेरपर्यंत ज्या कंपन्यांचा प्लॅन मंजूर झाला त्यांच्या दुपटीहून अधिक कंपन्या लिक्विडेशनमध्ये गेल्या, आणि त्यातल्या पुष्कळ येतानाच बंद पडलेल्या होत्या.

वेळ

सेवेचा सगळ्यात कच्चा भाग हाच. कायदा म्हणतो अर्जावर १४ दिवसांत निर्णय. प्रत्यक्षात महिने जातात, वर्षही जातं, कारण ही मुदत बंधनकारक नाही असं २०१७ मध्येच ठरलं. त्यानंतरचे १८० दिवस, वाढवून २७०, आणि कोर्टकचेरीसह ३३० दिवस. या ३३० मधला 'सक्तीने' हा शब्द एस्सार स्टीलच्या नोव्हेंबर २०१९ च्या निकालात गेला, आणि आता प्लॅन मंजूर व्हायला सरासरी दीड वर्षाहून जास्त लागतं. ॲडमिशनआधीचा उशीर जास्त घातक. त्या काळात मोरॅटोरियम नसतो, जुना मालक कारभार बघत असतो, आणि चांगला माल, चांगली माणसं, चांगली गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे जातात. संबंधितांशी मागच्या दोन वर्षांत आणि इतरांशी एका वर्षात झालेले पक्षपाती व्यवहार उलटवता येतात खरं, पण तो अर्ज वेगळा आणि त्याचा निकाल प्लॅननंतरही रेंगाळतो.

एस्सार स्टील हे या व्यवस्थेचं दाखवण्याजोगं काम: ऑगस्ट २०१७ मध्ये ॲडमिट, डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेलरमित्तलच्या हाती, बँकांना सुमारे ४२,००० कोटी. जेट एअरवेज हे दुसरं टोक. जून २०१९ मध्ये ॲडमिट, जून २०२१ मध्ये प्लॅन मंजूर, पैसे आणि अटी यावर रखडत नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिक्विडेशनचा आदेश दिला. तोवर विमानांचं काय उरणार! भूषण पॉवरने तर बोलीदारांची झोपच उडवली. एनसीएलटीने २०१९ मध्ये मंजूर केलेला जेएसडब्ल्यूचा प्लॅन, पैसे देऊन कारखाना चालवायला घेतल्यानंतर, मे २०२५ मध्ये रद्द झाला, जुलैत तो निकाल मागे घेतला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये प्लॅन कायम झाला. दरम्यान कारखाना चालू होता, हे नशीब.

बाकीच्या गिऱ्हाइकांसाठी

कामगारांनी फॉर्म डी भरताना पगार, रजेचे पैसे, बोनस आणि ग्रॅच्युइटी वेगवेगळी लिहावीत. कामगाराची २४ महिन्यांची देणी बँकेच्या पायरीवर, कर्मचाऱ्याचा १२ महिन्यांचा पगार त्याच्या खालच्या पायरीवर, आणि प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. एकच गोळाबेरीज रक्कम लिहिली की हा फायदा आपणच गमावतो.

घर घेणारे २०१८ पासून वित्तीय धनको आहेत. अर्ज करायला त्याच प्रकल्पातले १०० जण किंवा एकूण घर घेणाऱ्यांच्या १० टक्के लागतात. मत प्रत्येकाने थेट द्यायचं नसतं, प्रतिनिधी देतो, आणि निम्म्याहून जास्त मतांचा कल असेल तसंच तो सगळ्यांच्या वतीने देतो. रेराचं वसुली प्रमाणपत्र हातात असलं म्हणून घर घेणाऱ्याचा वेगळा वर्ग होत नाही, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये ठरलंय. अर्धवट इमारतीत घर हवं असेल तर ही प्रक्रिया बरी, पैसे परत हवे असतील तर नाही.

आणि छोट्या कंपनीचा मालक. कलम २९अ ने थकबाकीदार मालकाला स्वतःच्याच कंपनीवर बोली लावायला मनाई केली, पण सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना कलम २४०अ ने त्यातून बरीच सूट आहे. उद्यम प्रमाणपत्र वेळेत काढलेलं असेल तर कंपनी हातची जाण्याआधी हा रस्ता उघडा असतो. एप्रिल २०२१ पासून याच गटासाठी प्री-पॅकही आहे: थकबाकी किमान दहा लाख, असंबंधित वित्तीय धनकोंपैकी ६६ टक्क्यांची आधी संमती, १२० दिवसांची मुदत, आणि मालक कारभारात कायम. कागदावर हा या सेवेतला सगळ्यात चांगला प्रकार. तरी वापर अगदी मोजका, कारण अर्जाआधीच बेस प्लॅन तयार हवा आणि बँकेच्या शाखेपासून मुख्यालयापर्यंत कुणीतरी हेअरकटवर (कर्जातला काही भाग सोडून देण्यावर) आधी सही करायला हवी. चौकशी होईल या धास्तीने ती सही कुणाला करायची नसते. न्यायाधिकरणाने आदेश दिला की तोच हेअरकट बिनघोर घेतला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मांडलं गेलं, तेव्हा कलमं अर्जाच्या दिवशीची तपासूनच पुढे जावं.

मालकाने अर्ज करण्याआधी कपाटातून आणखी एक कागद काढावा: बँकेला दिलेलं वैयक्तिक हमीपत्र. मोरॅटोरियम कंपनीला मिळतो, जामीनदाराला नाही. डिसेंबर २०१९ पासून अशा कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांवर संहितेखाली वेगळा अर्जही करता येतो, आणि मे २०२१ च्या निकालानुसार प्लॅन मंजूर झाला म्हणून हमी आपोआप सुटत नाही. कंपनीचं कर्ज ५७ पैशांत मिटलं तरी उरलेल्या ४३ पैशांसाठी बँक हमीपत्र घेऊन घरापर्यंत येऊ शकते. ते सोडवायचं असेल तर प्लॅनच्या मसुद्यात तसं कलम घालून घ्यावं लागतं, आणि ते समितीच्या मतदानाआधी.